अख्खा दाणा

आईने वेणी घालायला घेतली की पोर कण्हायची. आईच्या अंगठ्यांना भेगा होत्या, आणि त्या भेगांत केस अडकायचे.

"हळू की गं."

"हळूच चाललंय. केस तुझेच आडदांड."

मग भिंतीपलीकडून मोठी आई हाक द्यायची, "आण तिला इकडे. माझे अंगठे झाले गुळगुळीत. भेगा पडायला अंगावर कातडं तरी लागतं."

मोठी आई म्हणजे आईची थोरली जाऊ. तिचा नवरा केव्हाच गेला होता, पोटी काही नव्हतं. घराच्या मधोमध एक भिंत घालून तिने आपली चूल वेगळी ठेवली होती. हात चालतात तोवर कुणाच्या ताटात हात घालायचा नाही, एवढा एकच तिचा हट्ट. बाकी दिवसभर ती याच घरची. सगळी गल्ली तिला मोठी आईच म्हणायची.

त्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं होतं. शेतं उघडी पडली होती, खुरपायला तण नव्हतं की वेचायला कापूस. बायकांना एकच काम उरलं होतं, बियाण्याच्या शेंगा फोडायचं. दूर कालव्याच्या पट्ट्यात पाणी होतं. तिथे भुईमूग पेरला जायचा आणि त्याचं बी इथल्या गोदामातून जायचं. सकाळी गोदामाची गाडी गल्लीत शेंगांची पोती टाकून जायची, संध्याकाळी दाणे तोलून न्यायची.

तेलाला जाणारी शेंग गिरणीत कशीही फुटली तरी चालतं. बियाचं तसं नाही. देवाने त्या एवढ्याशा दाण्याला एवढंसं लाल पांघरूण दिलंय. ते ओरबाडलं की दाणा मातीत जाऊन नुसता कुजतो. म्हणून बियाची शेंग हातानेच फोडायची. आदल्या संध्याकाळी गोदामातच पोत्यावर पाण्याचा हबका मारायचा, टरफल जरा नरमलं की सकाळी बसायचं. शेंगेची चोच अंगठ्याखाली घ्यायची, दाबायची, दाणे सुपात, टरफल मागे. हे दिवस मावळेपर्यंत.

बायका ओळीने ओट्यांवर बसायच्या. मोठी आईच्या डोळ्यांत सारा पडला होता. तिला माणूस दिसायचं ते धुरात उभं असल्यासारखं. पण शेंग डोळ्याने फुटत नाही. सगळ्यांच्या आधी तिचं सूप भरायचं. वर ती गायची. देवाचं गाणं, एक ओळ ती, एक ओळ बाकीच्या. ओळ संपली की सगळ्यांचे अंगठे एकदम पडायचे, आणि गल्लीच्या टोकापर्यंत टरफलांचा कडकडाट जायचा.

"मोठी आई, देवाला सांगा जरा, शेंगा मऊ धाडायला," सुतारीण म्हणायची. तिची जीभ गल्लीत सगळ्यांत तिखट होती.

"सांगते. पण तो विचारेल, सुतारीण गाते का नुसती तोंड हलवते?"

मग हसणं व्हायचं, आणि हसताना कुणाच्या तरी भेगेतून रक्त यायचं, ते टरफलाला पुसलं जायचं.

पोरीला गल्ली खटपट म्हणायची. तिने घड्याळ उघडलं होतं, सायकलचा पंप उघडला होता, एकदा शाळेची घंटाही उघडली होती. उघडलेलं बहुतेक पुन्हा चालू व्हायचं. बाप गोदामात हमाल होता. संध्याकाळी घरी आला की तो जमिनीवर पालथा पडायचा आणि खटपट त्याच्या पाठीवर अनवाणी चालायची. माकडहाडाच्या वर एक जागा होती, तिथे पाय पडला की तो श्वास सोडायचा. "इथे. थांब जरा इथे."

तशीच एका संध्याकाळी त्याच्या पाठीवर उभी असताना तिने आईला बघितलं. आईला काडेपेटीतली काडी धरता येत नव्हती. अंगठा मिटत नव्हता. दोनदा काडी पडली, तिसऱ्यांदा आईने ती दोन तळव्यांत धरून ओढली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर खटपट सुताराच्या दारात जाऊन बसली.

सुताराने एक फळी रंधून दिली. तेलाचा डबा उभा चिरून तिने त्याचं पन्हळ केलं. खाली जाड तारेची चाळण, वर लाकडाचा एक गोल पाय, त्याला लांब दांडा. दांडा पुढेमागे झुलवला की पाय शेंगा चाळणीवर दाबायचा, दाणे खाली पडायचे. दांड्याला दोन्ही मुठी लागत होत्या, अंगठ्याला काहीच काम नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं.

पहिल्या दिवशी ओंजळभर शेंगा घातल्या आणि खाली चुरा पडला.

"हे आता कोण भरून देणार? तुझे विज्ञानाचे सर?" आई म्हणाली. तुटलेल्या दाण्याचं वजन गोदामात कापलं जायचं. आईने तो चुरा वेचून पोरीच्या हातावर ठेवला. "खा आता."

मोठी आई ओट्यावरून म्हणाली, "इकडे ये. हात दे."

तिने पोरीचा अंगठा आपल्या अंगठ्याखाली घेतला, त्याखाली शेंग ठेवली. "दाब. अजून थोडी. आता थांब."

"काहीच झालं नाही."

"झालं की. शेंग आतून बोलली, तू ऐकलं नाहीस. पुन्हा." दुसरी शेंग. तिसरी. किती शेंगा झाल्या कुणास ठाऊक. मग एकदा खटपटीने मान वर केली.

"आलं?"

"हं. बारीकसं कट् झालं."

"टरफल गेलं आणि दाण्याला पत्ता नाही. तिथेच थांबायचं. तुझं यंत्र थांबत नाही, दामटतं."

"लाकडाला कसं कळणार कुठे थांबायचं?"

"लाकडाला नाही कळायचं. त्याला काहीतरी मऊ लाव. ज्याला आपणहून मागं सरता येतं असं." एवढं बोलून तिने पायातल्या रबरी चपला काढल्या आणि पुढे सरकवल्या. "ह्या घे. मी कुठे गावोगाव हिंडते."

चपलांच्या तळांच्या पट्ट्या लाकडी पायाला बसल्या. खाली पाचर सारून अंतर कमीजास्त करता यायचं. ज्या दिवशी सगळे दाणे अख्खे पडले, त्या दिवशी मोठी आईने सुपात हात घालून ते पुन्हा पुन्हा बोटांतून सोडले. "सुबक केलंस गं," ती म्हणाली. "देवाने तुझ्या हातात काहीतरी ठेवलंय. जप."

विज्ञानाच्या सरांनी ते दाणे आणि हाताने फोडलेले दाणे वेगवेगळ्या डब्यांत पेरून बघितले. दोन्ही सारखे उगवले. सर म्हणाले, हे शाळांच्या इंजिनिअरिंगच्या स्पर्धेला न्यायचं. खटपटीला त्यांनी आठवडाभर उभं करून शिकवलं. ताठ उभं राहायचं, परीक्षकांच्या डोळ्यांत बघायचं, विचारलं की एका दमात उत्तर द्यायचं, चाचरायचं नाही.

स्पर्धेला सगळी गल्ली गेली. बियाण्याच्या गोदामाच्या मालकांनीच टेम्पो दिला, पहिल्या बक्षिसाची ढालही त्यांचीच होती. मोठी आई अनवाणी टेम्पोत चढली आणि पोत्यावर बसली. "पोत्याच्या वर बसायचा योग आज आला," ती म्हणाली, "नाहीतर आजवर त्याच्या समोर."

मोठ्या शाळेच्या सभागृहात टेबलं मांडली होती. एका मुलाने टाळी वाजवली की लागणारा दिवा केला होता. पण सभागृहात कुणाला ना कुणाला टाळ्या पडायच्या आणि तो दिवा आपला लागायचा, विझायचा, लागायचा. मुलगा रडकुंडीला आला होता. सुतारीण म्हणाली, "बिचाऱ्याचं यंत्र भलतंच गुणी निघालं."

परीक्षक बाई मोठ्या कारखान्यात इंजिनिअर होत्या. त्यांनी स्वतः दांडा झुलवला, दाणे हातावर घेऊन उजेडात धरले. खूष झाल्या. मग विचारलं, "याने साधारण किती जणींचं काम होतं?"

खटपट ताठ उभी राहिली, बाईंच्या डोळ्यांत बघितलं, आणि एका दमात म्हणाली, "आमच्या सगळ्या गल्लीचं."

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, पलीकडचा दिवा लागला. मोठी आई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. सुतारीणही वाजवत होती. आईने हात उचलले होते, ते टाळी न वाजवताच पुन्हा मांडीवर आले. पुढच्या खुर्चीवर गोदामाचे मालक बसले होते. ते पोरीकडे नाही, यंत्राकडे बघत होते.

ढाल खटपटीला मिळाली. टेम्पोत ती हातोहात फिरली. मोठी आईने तिच्यावरची अक्षरं बोटांनी चाचपली आणि विचारलं, "यात तुझं नाव कुठलं?" पोरीने तिचं बोट धरून नावावर नेलं.

मालकांचा निरोप बापाकडे आला. "यंत्र जरा गोदामात आणा. बघू." गाडी होती, पण बापाने ते गाडीत ठेवू दिलं नाही. पाठीवर घेतलं, कपाळावरून पट्टा घेतला. वाटेत कुणी विचारलं की थांबायचा. "पोरीचं आहे," म्हणायचा, आणि पुढे चालायचा.

त्यानंतर काही दिवस पोती येत राहिली. मग एका सकाळी गाडी आली नाही.

बायका ओटे झाडून बसल्या होत्या. सुपं पुढ्यात. ऊन पायरीवरून वर चढलं. मोठी आईने एक ओळ म्हटली, दुसरी म्हटली, पण हातात शेंग नसताना ओळ कुठे संपवायची ते तिला कळेना, म्हणून गप्प बसली. दुपारी सगळ्या मिळून गोदामाकडे गेल्या. फाटकाबाहेरूनच आवाज ऐकू येत होता, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा, पण न थांबणारा. वेल्डरने तसलीच यंत्रं करून दिली होती, मोठी, लोखंडाची, मोटारीवर चालणारी.

मुकादम बाहेर आला. वाईट माणूस नव्हता. मान खाली घालून म्हणाला, "बायांनो, आता शेंगा गल्लीत यायच्या नाहीत. उन्हात थांबू नका."

परतताना गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सुतारीण म्हणाली, "माझ्याच घरातली फळी, माझ्याच नवऱ्याचा रंधा. आता तक्रार तरी कुणाच्या दारात करू?" आई पुढे चालत राहिली.

भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडणाला शेवट असतो. इथे आई नळावर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. तिची घागर रांगेत होती तिथेच राहायची, पण शेजारच्या घागरी थोड्या थोड्या सरकायच्या आणि मध्ये ओली फरशी दिसायची. खटपट दिसली की कुणाचा तरी लहान भाऊ ओरडायचा, "सगळ्या गल्लीचं," आणि त्याची आई त्याला आत ओढायची. पण ओढायच्या आधी जरा थांबायची.

मग मालकांनी आईला बोलावलं. यंत्रापाशी बसून सालपटलेले दाणे वेचायचे, असं काम होतं. निरोप बापाने आणला, भिंतीकडे तोंड करून सांगितला.

"मी नाही जायची," आई म्हणाली. "त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी त्या फाटकातून आत जाऊ?"

"मग मला नवी पाठ आणून दे कुठून तरी."

"तुम्ही मालकांना काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? माझ्याच पाठीवरून नेलं ना ते."

भिंतीपलीकडून मोठी आई आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "जा तू," ती आईला म्हणाली. "एकीची तरी चूल पेटू दे. दोघींनी विझवून देवाला काय मिळणार आहे?"

आई डोक्यावरून कापड पुढे ओढून जायला लागली. काही दिवसांनी मोठी आईही गेली. काम मागायला ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या फाटकात उभी होती. मुकादमाने तिला बसायला गोणपाट दिलं, पुढ्यात परात ठेवली, दाणे पसरले. तिने बोटांनी एकेक दाणा चाचपला. सालपटलेला एकही सुटला नाही. पण तेवढ्यात पुढचं घमेलं आलं, त्याच्या मागचं आलं, दाणे तिच्या गुडघ्यांपर्यंत साचले. मुकादमाने थोडा वेळ बघितलं. मग तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि यंत्राच्या आवाजावरून म्हणाला, "आजी, हे नजरेचं काम आहे."

"हो रे बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं बोटांचं असेल." आणि उठली. आई समोरच बसली होती. तिचे हात चालूच होते. मान तिने वर केली नाही.

भेगा भरत आल्या. एका सकाळी आईने वेणी घातली आणि एकही केस अडकला नाही. तरी पोर रडली. आईने वेणी जरा जास्तच घट्ट बांधली.

खटपट मालकांना भेटायला गेली, ढाल घेऊन. तिला वाटलं होतं, ती परत दिली तर काही होईल. मालक कौतुकाने उठले. चहा मागवला, शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"मालक, थोडी पोती गल्लीत धाडा ना. थोडी तरी."

"अगं, कशाला? वेळ लागतो, वजन घटतं."

"मग माझं यंत्र तरी द्या. बायका त्याच्यावर करतील. घरच्या घरी."

मालकांनी तिला मागच्या खोलीत नेलं. यंत्राचे भाग सुटे करून ठेवले होते. माप घेण्यासाठी खोललं होतं, पुन्हा जोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चपलांच्या पट्ट्या टरफलांच्या ढिगात पडल्या होत्या. "ते रबर झिजणारं होतं," मालक म्हणाले. "आम्ही चांगलं टाकलं. पण कल्पना तुझीच हो. मी सगळ्यांना तुझं नाव सांगतो." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाले, "तूच म्हणाली होतीस ना, सगळ्या गल्लीचं काम होतं म्हणून. अगदी खरं निघालं बघ."

ती ढाल घेऊन परत आली.

मोठी आईची चूल पेटायची बंद झाली होती. आई ताट नेऊन द्यायची. दोन दिवस तिने घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी भाचीकडे जाते. तिची लेकरं लहान आहेत, तिला हाताखाली कुणी हवंच आहे." भाची वीटभट्टीवर राहायची, एका खोलीत पाच माणसं. तिने बोलावलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"वहिनी, माझ्या घरात तुम्हाला काय कमी आहे?" बाप म्हणाला.

"कमी काही नाही रे. म्हणूनच."

आईला त्या दिवशी सुटी मिळाली नाही. कामावर जाताना तिने जावेचे पाय धरले, आणि मोठी आईने तिचे दोन्ही हात हातात घेऊन अंगठे चाचपले. "भरले की," ती म्हणाली. "देव भलं करो."

बसथांब्यावर गाठोडं घेऊन खटपट गेली. गाडीला उशीर होता. दोघी कट्ट्यावर बसल्या. वाऱ्याने धूळ उडत होती. मोठी आई पोरीच्या चपला पायात घालून आली होती, त्या तिला लहान होत होत्या, टाचा बाहेर होत्या.

"मोठी आई, मी रात्री गोदामात शिरते आणि सगळी यंत्रं मोडून टाकते."

"मोडू नकोस. मी दाणे चाचपले ना त्या दिवशी. सगळे अख्खे होते. तुझं यंत्र नेमकं तिथेच थांबतं. मी शिकवलं होतं तिथे." तिने गाठोड्याची गाठ चाचपली. "माझ्याकडून तरी कधीमधी एखादा फुटायचा."

पोरीने तिच्या मांडीत तोंड घातलं. मोठी आईने तिला रडू दिलं. मग पाठीवर थाप मारून सरळ बसवलं.

"आता ऐक. कुणी विचारलं, मोठी आई का गेली, तर काय सांगशील?"

"माझ्यामुळे."

"नाही. नीट सांग. मला इथे करमत नव्हतं म्हणून गेली."

"करमत नव्हतं म्हणून गेली."

"आणि भाचीने बोलावलं."

"भाचीने बोलावलं."

"नुसतं बोलावलं नाही. आग्रह केला. फार आग्रह केला म्हण."

"फार आग्रह केला."

"पुन्हा म्हण. चाचरू नकोस."

तिने पुन्हा म्हटलं. गाडी येईपर्यंत मोठी आईने तिच्याकडून ते म्हणवून घेतलं, एखादी ओळ पाठ करून घ्यावी तसं, आवाज कुठे कापतो तिथे थांबवून, पुन्हा पहिल्यापासून. गाडी आली तेव्हा आवाज कापत नव्हता. कंडक्टरने म्हातारीला वर ओढून घेतलं. खिडकीतून ती पोरीकडे बघत होती, पण जरा बाजूला, जिथे पोर नव्हती तिथे.

संध्याकाळी खटपट घागर घेऊन नळावर गेली. बायकांचं बोलणं थांबलं. तिने रांगेच्या शेवटी घागर ठेवली. नळाखाली सुतारिणीची घागर होती. पाणी बारीक होतं. मग सुतारीण मागे न बघता म्हणाली,

"गेली का मोठी आई?"

"हो. दुपारच्या गाडीने."

"का गं?"

खटपट ताठ उभी राहिली. "करमत नव्हतं तिला. भाचीने बोलावलं. फार आग्रह केला."

एका दमात आलं. कुठे चाचरलं नाही. सुतारीण वळली आणि पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. ते तिने गिळलं.

"हो," ती म्हणाली. "भाचीचा जीवच होता तिच्यावर."

मागच्या बायकांपैकी एक म्हणाली, "हो बाई, होताच."

सुतारिणीने आपली अर्धी भरलेली घागर बाजूला घेतली आणि पोरीची घागर उचलून नळाखाली ठेवली. खटपट खाली वाकून तिचा काठ धरून बसली. पाणी हळूहळू चढलं, गळ्याशी आलं, काठावरून वाहून तिच्या पायांवर सांडायला लागलं. नळ बंद करायला कुणीच पुढे झालं नाही.